श्री संत रोहिदास महाराज : चरित्र आणि कसब

माघी पौर्णिमेस आपल्या समाजाच्या घरोघरी आणि गावोगावच्या मंदिरांत श्री संत रोहिदास महाराजांच्या प्रतिमेस हार पडतो, आरती होते, प्रसाद वाटला जातो. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्यांच्या प्रतिमेपुढे आपण मस्तक नमवितो, ते कोण होते, कोणत्या काळी व कोणत्या परिस्थितीत जगले, असे एखाद्या मुलाने विचारले, तर आपल्यापैकी किती जणांस समाधानकारक उत्तर देता येईल? शिक्षकी पेशात सारे आयुष्य घालविल्यामुळे मुलांचे प्रश्न टाळण्याची सवय आम्हांस नाही. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा हाच विषय आम्ही घेतला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पांडित्याचा आव आणण्याचे कारण नाही. जे वाचले, ऐकले व पारखून घेतले, तेवढेच येथे सांगणार आहोत.

महाराष्ट्रात आपण ज्यांना रोहिदास म्हणतो, त्यांनाच उत्तरेत रविदास अथवा रैदास म्हणतात. त्यांचा जन्म काशीक्षेत्री झाला. त्यांच्या जन्मवर्षाविषयी विद्वानांत एकमत नाही, तरी पंधराव्या शतकाचा काळ व सोळाव्याचा आरंभ हा त्यांचा काळ होय, असे सामान्यतः मानले जाते. काशीजवळील सीर गोवर्धनपूर हे त्यांचे जन्मस्थान मानले जाते. 1965 साली तेथे मंदिराची पायाभरणी झाली आणि आज माघी पौर्णिमेस पंजाबातून व परदेशांतूनही तेथे यात्रेकरूंची दाटी होते. त्यांच्या पत्नीचे नाव परंपरा लोणा असे देते. रामानंदांच्या शिष्यमंडळात त्यांची गणना होते. त्याच मंडळात कबीर विणकर, सेना न्हावी आणि धन्ना जाट होते, असे परंपरा सांगते. हातात कसब असणाऱ्या माणसांचा हा मेळा होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

त्यांचे घराणे कातड्याचे काम करणारे. बालपणापासून त्यांचा ओढा साधुसंतांकडे. जोडा तयार झाला की दारी आलेल्या अनवाणी साधूच्या पायांत तो घालावा आणि पैशाची गोष्टही काढू नये, असा त्यांचा क्रम सुरू झाला. वडील संसारी माणूस. कातडे विकत आणावे, त्यावर दिवसच्या दिवस राबावे आणि मुलाने ते फुकट देऊन टाकावे, हे त्यांस कसे रुचावे? शेवटी त्यांनी मुलाला व सुनेला घरातून वेगळे काढले. घरामागची थोडी जागा दिली, परंतु पैसा दिला नाही. आख्यानकार बहुधा या ठिकाणी वडिलांस दोष देतात. आम्हांस मात्र तसे वाटत नाही. हातावर पोट असलेल्या बापाची चिंता ज्याने पाहिली आहे, तो त्या वडिलांस कठोर म्हणणार नाही. रोहिदासांनीही वडिलांविषयी कधी कडवटपणा धरला नाही. त्यांनी एक झोपडी उभारली, दारात जोडे शिवावयास बसले आणि त्या मिळकतीवर संसार व साधुसेवा दोन्ही चालविली.

येथे क्षणभर थांबून त्या कामाकडे पाहू. कारण रोहिदास महाराजांचे चरित्र सांगणारे पुष्कळ आहेत, परंतु त्यांच्या हातातील कामाचे महत्त्व सांगणारे थोडे. लोकांस वाटते, कातडे म्हणजे केवळ मेलेल्या जनावराचे सोललेले चामडे. वस्तुतः तसे कच्चे चामडे चार दिवसांत कुजते अथवा वाळून फळीसारखे ताठ होते. त्यापासून वर्षानुवर्षे टिकणारे कमावलेले कातडे बनविणे हे एक शास्त्र आहे. प्रथम चामडे चुन्याच्या पाण्यात मुरवितात, त्यामुळे केस सुटतात. मग आतल्या बाजूचे मांस खरवडून काढतात व चुना धुऊन टाकतात. त्यानंतर बाभळीची अथवा तरवडाची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरत ठेवतात. आपल्याकडे ढोर समाजातील कारागीर ते चामडे पिशवीसारखे शिवून टांगीत, आत सालीचे पाणी भरीत आणि झिरपून खाली पडणारे पाणी पुनःपुन्हा वरून ओतीत. झाडाच्या सालीतील तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंस घट्ट धरते. मग त्यास पाणी कुजवू शकत नाही. ज्या दुष्काळी माळरानावर दुसरे काही उगवत नाही, तेथे तरवड व बाभूळ उगवते. आपल्या जिल्ह्याच्या कोरड्या मातीने आपल्या पूर्वजांस एवढे भांडवल फुकट दिले होते.

पुढचे काम चर्मकाराचे. रापीने कातडे कापणे व कडा पातळ करणे, आरीने भोक पाडणे, सुताला मेण लावून शिवणे. चांगल्या शिवणीत धाग्याची दोन्ही टोके एकाच भोकातून दोन बाजूंनी ओढतात. त्यामुळे एक धागा झिजून तुटला, तरी दुसरा धरून राहतो. यंत्राच्या शिवणीस ही शक्ती नाही. नक्षी उठवावयाची तर कातडे नेमके ओलसर असावे लागते. फार ओले असेल तर ठसा पसरतो, कोरडे असेल तर उमटतच नाही. बोटाला जो थंडावा लागतो, त्यावरूनच कारागीर ती वेळ ओळखतो. ओलसरपणी दाबलेले तंतू वाळल्यावर तसेच राहतात आणि ठसा जन्मभर टिकतो. रंगाचेही तसेच. हिरड्याने कमावलेल्या कातड्यास लोखंडाच्या गंजाचे अथवा हिराकसाचे पाणी लावले, की पाहता पाहता ते काळे होते, कारण हिरड्यातील तुरट द्रव्य व लोह यांचा संयोग होऊन काळा रंग बनतो. जुन्या काळी हिरडा व हिराकस यांची शाईही करीत असत. म्हणजे पंडिताच्या बोरूतून उतरणारी अक्षरे आणि चर्मकाराच्या हातचा काळा जोडा, या दोहोंचा रंग एकाच कुळीचा. इतके जवळचे नाते असता एकास पवित्र व दुसऱ्यास अपवित्र कोणी ठरविले, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. शेवटी तेल पाजून, कडा घासून गुळगुळीत करून वस्तू पुरी होते. यांपैकी प्रत्येक पायरीस थांबावे लागते. उतावळ्या माणसाचे हे काम नव्हे. रोहिदासांच्या अंगची शांती त्यांनी कोठे मिळविली असे कोणी विचारील, तर ती या कामातही मिळाली असली पाहिजे, असे आम्ही म्हणू.

महाराजांच्या निर्लोभीपणाची एक कथा उत्तरेतील भक्तचरित्रांत प्रसिद्ध आहे. एक साधू त्यांच्याकडे आला आणि त्यांची गरिबी पाहून त्याने परीस देऊ केला. खात्री पटावी म्हणून त्याने रोहिदासांची रापी परिसास लावून सोन्याची करून दाखविली. रोहिदासांनी परीस हाती घेतला नाही. साधूने फारच आग्रह केला, तेव्हा छपरात खोचून ठेवावयास सांगितले. तेरा महिन्यांनी साधू परत आला. झोपडी तशीच, जोडे शिवणेही तसेच. परीस छपरात होता तेथेच होता. ही कथा अक्षरशः घ्यावी की रूपकाने, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर आहे. परंतु ज्यास कातड्याचे काम ठाऊक आहे, त्यास तिच्यात एक गंमत दिसेल. सोने मऊ असते. सोन्याच्या रापीने कातडे कापले जात नाही. साधूने अवजाराची किंमत वाढविली आणि त्याचा उपयोग नाहीसा केला. कारागिरास असला प्रसाद काय कामाचा?

दुसरी कथा गंगेची. काशीतील एक ब्राह्मण गंगास्नानास निघाला असता रोहिदासांनी आपली अल्प भेट गंगामातेस देण्यासाठी त्याच्याजवळ दिली. गंगेने हात पुढे करून ती भेट स्वीकारली आणि रोहिदासांसाठी एक कंकण दिले. ब्राह्मणास मोह झाला व ते कंकण राजाकडे गेले. राणीने त्याच्या जोडीचे दुसरे मागितले, तेव्हा ब्राह्मण संकटात पडून रोहिदासांकडे धावला. रोहिदासांनी कातडे भिजविण्याच्या काथवटीत हात घातला आणि दुसरे कंकण काढून दिले. मन शुद्ध असेल तर गंगा त्या काथवटीतच आहे, हे या कथेचे तात्पर्य उत्तरेत लहान मुलालाही ठाऊक असते. ज्या पाण्याचा विटाळ मानला जाई, त्याच पाण्यातून तीर्थ निघाले. रोहिदासांनी त्या ब्राह्मणाचा अपमान केला नाही, त्यास राजाच्या हाती दिले नाही, उलट संकटातून सोडविले, हाही भाग आम्ही महत्त्वाचा मानतो.

कथा बाजूस ठेवून आता महाराजांच्या वाणीकडे येऊ. शिखांचे पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी 1604 साली आदिग्रंथ संकलित केला. त्यात रोहिदासांची सुमारे 40 पदे समाविष्ट आहेत. आज गुरुद्वारात त्या ग्रंथापुढे जो मस्तक नमवितो, तो रोहिदासांच्या वाणीपुढेही नमवितो. या पदांत महाराजांनी आपली जात कोठेही लपविली नाही. उलट आपले नाव घेताना जातीचाही उच्चार केला. आपले आप्त काशीच्या आसपास अजूनही मेलेली ढोरे ओढतात, असे त्यांनी उघडपणे सांगितले आणि अशा कुळातील आपणास आचारवान ब्राह्मणही दंडवत घालतात, हा नाममहिमा होय, असे म्हटले. एका पदात तर आर आणि रांबी या दोन्ही अवजारांची नावे येतात. आर म्हणजे आपली आरी व रांबी म्हणजे रापीच. लोक जोडे शिवून घ्यावयास येतात, परंतु मला शिवणे येत नाही, माझ्यापाशी आर नाही व रांबी नाही, असे ते तेथे म्हणतात. लोक सांधीत सांधीत हैराण झाले, मी न सांधताच पोहोचलो, असा त्याचा भाव आहे. जन्मभर ज्याने जोडे शिवले, त्यानेच हे म्हणावे, यात केवढी नम्रता व केवढा अनुभव आहे!

दुसऱ्या एका पदात त्यांनी एका नगराचे वर्णन केले आहे. त्याचे नाव बेगमपुरा, म्हणजे जेथे दुःख नाही असे नगर. तेथे कर नाही, भय नाही, कोणी दुसऱ्या व तिसऱ्या प्रतीचा नाही. ज्यास जेथे फिरावेसे वाटेल तेथे त्याने फिरावे, कोणी अडविणार नाही. जे त्या नगराचे नागरिक, ते आपले मित्र, असे ते म्हणतात. ज्या काळी आपल्या लोकांस वाट सोडून चालावे लागे, त्या काळी झोपडीच्या दारात बसून एका चर्मकाराने असे नगर मनात उभारले. 1950 साली भारताची राज्यघटना अमलात आली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. बेगमपुऱ्याच्या वाटेवरील तो एक मोठा दगड होय, असे आम्हांस वाटते. नगर अद्याप दूर आहे.

महाराजांची कीर्ती पसरली. चित्तोडची झाली राणी काशीस आली व त्यांची शिष्या झाली. पुढे तिच्या निमंत्रणावरून महाराज चित्तोडास गेले. तेथे भोजनाच्या वेळी ब्राह्मणांनी त्यांच्यासह पंक्तीस बसण्यास नकार दिला. वेगळी पंगत मांडली, तो प्रत्येक दोघांच्या मध्ये एक रोहिदास बसलेला दिसू लागला. येथपर्यंतची कथा अत्यंत सुंदर आहे. परंतु पुढे असे सांगतात, की महाराजांनी आपली त्वचा चिरून आत सोन्याचे यज्ञोपवीत दाखविले व पूर्वजन्मी आपण ब्राह्मण होतो, असे सांगितले.

या शेवटच्या भागाविषयी आम्ही आमचे मत स्पष्ट लिहितो. ज्यांना राग येईल त्यांनी क्षमा करावी. ज्यांनी आपल्या पदांत जातीचे नाव निर्भयपणे घेतले, त्यांना आपला मोठेपणा सिद्ध करण्यासाठी सोन्याच्या धाग्याची गरज का पडावी? थोरपणा चर्मकाराच्या कुळात स्वतंत्रपणे जन्मूच शकत नाही, अशी समजूत ज्यांची होती, त्यांनी हे शेपूट कथेस जोडले असावे. आम्हांस ते मान्य नाही. मेण लावलेला, दोन्ही टोकांनी ओढलेला सुताचा धागा त्यांच्या हाती होता. तो पुरेसा होता.

संत मीराबाईंनीही रोहिदासांस गुरू मानले, अशी परंपरा आहे. चित्तोडगडावर मीरामंदिरासमोर एक छत्री असून तीत रोहिदासांच्या पादुका दाखवितात. जोडे शिवणाऱ्याच्या पावलांवर राजकुळातील माणसे डोके ठेवीत आली, हे दृश्य मनात आणावे. त्यांचा देह काही परंपरांनुसार काशीस व काहींनुसार चित्तोडास पडला.

आता आपल्या जिल्ह्याचा यात काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे व तो अभिमानाचा आहे. राहुरी तालुक्यातील ताहाराबाद येथे महिपती नावाचे संतचरित्रकार होऊन गेले. जन्म 1715, निधन 1790. ते गावचे कुलकर्णी. एकदा पूजेस बसले असता सरकारी कामासाठी बोलावणे आले, तेव्हापासून ही लेखणी संतांच्या चरित्रावाचून दुसऱ्या कोणाच्या चाकरीस लावणार नाही, असा त्यांनी निश्चय केला. 1762 साली त्यांनी भक्तविजय हा 57 अध्यायांचा ग्रंथ पुरा केला. काशीच्या रोहिदासांची कथा त्या ग्रंथाने मराठी माणसाच्या घरात आणली. ज्या आपल्या आजीला अक्षरओळख नव्हती, तिला रोहिदास ठाऊक होते, ते देवळात वाचल्या जाणाऱ्या अशा पोथीमुळे. देवळाबाहेर उभे राहून ती पोथी ऐकावी लागे, हेही तितकेच खरे. आज जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. ताहाराबादेस जाणाऱ्या समाजबांधवांनी महिपतींच्या स्थानी कृतज्ञतेने हात जोडावेत. पुढे 1948 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. काशी, पंजाब, चित्तोड, ताहाराबाद आणि बाबासाहेबांची लेखणी, असा हा प्रवास आहे.

आता थोडे स्वतःविषयी. चरित्रलेखात असे करू नये हे आम्ही जाणतो, परंतु हे सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. आमचे वडील गावचे बलुतेदार. मोटा सांधणे, वहाणा, आसूड, बैलांचे पट्टे हे त्यांचे काम. सुगीत खळ्यावर जाऊन धान्य आणावयाचे. त्या मिळकतीवर त्यांनी आम्हांस मॅट्रिक केले. आम्ही मास्तर झालो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी शाळेतील काही सहकारी घरी चहास येणार होते. ते येण्यापूर्वी आम्ही वडिलांची रापी, आरी, ऐरण व ओले कातडे उचलून मागल्या परड्यात पाटीखाली झाकून ठेवले. पाहुणे आले, चहा झाला, ते गेले. वडील ओट्यावर बसून होते. त्यांनी एक शब्द विचारला नाही. संध्याकाळी स्वतः परड्यात गेले, पाटी उचलली, रापी धोतराच्या सोग्याने पुसली आणि जागच्या जागी आणून ठेवली. नंतरही ते आम्हांस कधी बोलले नाहीत.

वडील गेले, त्यास पुष्कळ वर्षे झाली. निवृत्तीनंतर एके दिवशी नातवाच्या दप्तराचा पट्टा तुटला. आम्ही वडिलांची पेटी उघडली आणि शिवावयास बसलो. आरी बोटात घुसली, टाका वाकडा गेला, पट्टा शिवता आला नाही. मला शिवणे येत नाही, असे रोहिदास महाराज म्हणाले ते ज्ञानाच्या शिखरावरून. आम्हांसही तेच म्हणावे लागले, परंतु लाजेने. बापाच्या हातचे कसब दोन हातांच्या अंतरावर असता आम्ही ते घेतले नाही. ते हलके होते म्हणून नव्हे, लोक हलके म्हणत म्हणून.

कोणी गैरसमज करून घेऊ नये. मुलांनी पुन्हा ओट्यावर बसावे, असे आम्ही म्हणत नाही. मेलेली ढोरे ओढण्याची सक्ती गेली, बलुत्याची लाचारी गेली, हे उत्तम झाले. मोटेच्या जागी विजेचे पंप आले, तेही योग्यच. मुलामुलींनी डॉक्टर व्हावे, इंजिनिअर व्हावे, कलेक्टर व्हावे. परंतु धंद्याची सक्ती आणि हातचे कसब या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सक्ती टाकताना आपण कसबही टाकून दिले. जग मात्र ते उचलीत आहे. कोल्हापुरी चपलेस 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 2025 साली इटलीतील प्राडा या बड्या कंपनीने मिलान येथे तशाच वहाणा मिरविल्या आणि ओरड झाल्यावर त्यांचे मूळ भारतीय कारागिरीत असल्याचे मान्य केले. ज्या वस्तू आमच्या घरात पाटीखाली झाकल्या गेल्या, त्या तेथे दिव्यांच्या झोतात चालल्या. महाराष्ट्र शासनाने 1974 साली स्थापिलेल्या चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळास संत रोहिदासांचेच नाव आहे. शिकलेल्या मुलाने रसायनशास्त्र वाचून कातड्याचे रंग करावे, शिकलेल्या मुलीने नवे नमुने काढावे, स्वतःच्या नावाने माल विकावा. त्यात कमीपणा कसला?

म्हणून संघाच्या सभासद कुटुंबांस आमची एक नम्र सूचना आहे. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची रापी, आरी, ऐरण अथवा एखादा लाकडी फर्मा माळ्यावर पडून असेल, त्यांनी तो खाली काढावा, गंज घासून तेल लावावे आणि येत्या माघी पौर्णिमेस महाराजांच्या प्रतिमेपुढे ठेवावा. मुलांनी विचारले तर ते अवजार कशाचे, ते कसे धरतात, त्याने काय होते, हे सांगावे. घरात कोणी वडीलधारे असतील तर त्यांनाच सांगू द्यावे, आणि ते सांगत असता आपण जवळ बसून ऐकावे. आम्हांस ते जमले नाही. आपणांस जमेल.

श्री संत रोहिदास महाराजांच्या चरणी वंदन करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.